मागच्या खोलीतला दुसरा राऊटर

हॅलो, आवाज येतोय का?

या घरात कोणाचंही बोलणं ह्याच प्रश्नानं सुरू होतं, म्हणून म्हटलं आपणही तीच रीत पाळावी. मी एक राऊटर आहे. मागच्या खोलीत दाराशेजारच्या फळीवर बसलेला, काळा, दोन शिंगांचा. त्यातल्या एका शिंगानं मान टाकली आहे आणि ते केसांच्या चापानं कसंबसं उभं धरलंय. या घरातला मी दुसरा राऊटर. पहिला पुढच्या खोलीत असतो. एके काळी पहिला मीच होतो, हे मात्र आधीच सांगून टाकतो. पोटात ठेवलं तर गोष्टभर खुपत राहील.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कारखान्यात एकसारख्या दिसणाऱ्या भावंडांच्या रांगेत कोणीतरी मला उलटं केलं, पोटाला चिठ्ठी चिकटवली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद केलं. खोकं उघडलं ते थेट या घरात. उघडणारा माणूस उंच, सडपातळ, चष्मा नाकाच्या टोकावर आलेला. त्यानं मला दोन्ही हातांनी वर उचललं, मग एक हात कानावर ठेवला, घसा खाकरला आणि भरदार आवाजात सांगितलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नवीन गाडी फलाटाला लागत आहे."

ते आजोबा. त्यांची सगळी नोकरी बस स्थानकावर घोषणा करण्यात गेली. कुठली गाडी कुठे लागणार, कुठली उशिरा येणार, कोणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं लोकांनी त्यांच्या तोंडून ऐकलेलं. निवृत्त झाले तरी सवय काही निवृत्त झाली नाही. सकाळी चहा फलाट क्रमांक एकवर लागायचा. दुपारी जेवणाची गाडी सुटण्याच्या तयारीत असायची आणि आंघोळ राहिलेल्या प्रवाशांना त्वरा करायला सांगितलं जायचं. नातीला टिटवी हे नाव त्यांनीच ठेवलं. ती तान्ही असताना रडायला लागली की स्थानकाचा भोंगा फिका पडायचा, असं ते म्हणत. आता ती कॉलेजात जाते, पण नाव आणि आवाज दोन्ही तसेच आहेत.

आजी अगदी उलट. त्या फार बोलत नाहीत. एवढी वर्षं घोषणा करणाऱ्या माणसाशी संसार केलेल्या बाईला मध्ये बोलायला जागा कधी मिळाली असती म्हणा. त्या विणायच्या. मी घरात आलो त्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासाठी गुलाबी लोकरीची टोपी विणली, धूळ बसू नये म्हणून. माझा जीव आत घुसमटायचा, अंग तापायचं, पण कोणी प्रेमानं टोपी घातली तर काढा म्हणायचं तरी कसं?

माझं काम साधं होतं. घरातल्या प्रत्येक फोनला, संगणकाला मी एक घरनंबर द्यायचा, म्हणजे बाहेरून आलेली गोष्ट ज्याची त्याला बरोबर पोचते. कोणी काय मागवलं, कोणी काय पाहिलं यात मी डोकं घालत नाही. पोस्टमननं पत्रं फोडायची नसतात. पण दिवसभर एका जागी बसलेल्याला कान असतातच, आणि त्या कानांवर बरंच काही पडतं.

या घराचा कारभारी मीच, अशा तोऱ्यात मी काही वर्षं काढली. मग एक दिवस नवीन कंपनीचा माणूस आला आणि त्यानं पांढराशुभ्र, चार शिंगांचा राऊटर आणून माझ्या जागी बसवला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण याचे नऊ दिवस संपायचं नावच घेईनात. जो तो म्हणे, काय स्पीड आहे! माझी गुलाबी टोपीसुद्धा त्याच्या डोक्यावर गेली. खरं सांगायचं तर त्या टोपीचं मला तेवढं वाईट वाटलं नाही.

मला भंगारात द्यायचं ठरवलं ते आजोबांच्या मुलानं. तो जमिनीची मोजणी करणारा आहे. घरात कोणी त्याला मोजणीदार म्हणत नाही, मी म्हणतो, कारण तो कपाट हलवायचं म्हटलं तरी खिशातून टेप काढतो. त्यानं मला मोजायच्याही लायकीचं ठेवलं नाही, सरळ भंगाराच्या पिशवीत टाकलं. पण आजोबांनी मला पिशवीतून काढलं, माझी वायर नीट गुंडाळली आणि टीव्हीखालच्या खणात ठेवलं. खण लावता लावता म्हणाले, "ही गाडी आगारात जात आहे. प्रवाशांनी काळजी करू नये."

खणात सोबत बरी होती. कुठल्या कुलपाच्या ते कोणालाच माहीत नसलेल्या किल्ल्या, संपलेले सेल, झाकण हरवलेला एक रिमोट. आम्हा सगळ्यांना घड्याळ कशाला लागायचं? आजोबांच्या घोषणा ऐकू आल्या की सकाळ झाली, दुपार झाली हे कळायचं. मग एका सकाळी चहाची घोषणा झाली नाही. दुपारी जेवणाचीही नाही. धावाधाव ऐकू आली, दार आपटलं आणि मग घर इतकं शांत झालं की मला फ्रीजची घरघर ऐकू यायला लागली.

आजोबांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा हातपाय बरेच सावरले होते. काठी घेऊन चालायचे, स्वतःच्या हातानं जेवायचे, पेपर वाचायचे. समजायचं सगळं. शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन अडायचे. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या, त्याची स्वतःची गाडी पहिल्या अक्षरावरच थांबायची. मी खणात होतो, मला दिसत काही नव्हतं, त्या दिवसांतलं पाहिल्यासारखं जे सांगतो ते घरच्यांच्या बोलण्यावरून जुळवलेलं, पण "च... च..." ऐकू यायचं आणि त्यापुढं चहा म्हणणारा आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी असायचा.

डॉक्टरांनी बोलणं शिकवणाऱ्या एका बाईंचं नाव सुचवलं. त्या दूरच्या शहरात राहायच्या आणि संगणकावरून शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं, की सुरुवातीचे हे महिने लाखमोलाचे आहेत. आजोबांनी रोज स्वतःच्या तोंडानं बोलायचा प्रयत्न केला तर शब्द परत येतील. प्रयत्न सोडला तर पुढं फार अवघड जाईल.

शिकवणी पुढच्या खोलीत सुरू झाली, कारण नेट तिथंच चांगलं चालायचं. बाई पडद्यावर चित्र दाखवत. एकदा पेला दाखवला. आजोबा म्हणाले, "पे... पे..." आणि सोफ्यावरून मुलगा, सून आणि टिटवी तिघंही एका सुरात म्हणाले, "पेला!" बाईंनी हसून सांगितलं की त्यांना म्हणू द्या. तिघांनीही मान डोलावली. पुढचं चित्र छत्रीचं. आजोबा "छ..." म्हणतात न म्हणतात तोच छत्री उघडून मोकळी! यात कोणाच्या मनात वाकडं नव्हतं हो. आपल्या माणसाला अडखळताना बघवत नाही, म्हणून ते घाईघाईनं त्याचा शब्द स्वतःच पुरा करून टाकायचे. गप्प असायच्या त्या एकट्या आजी. त्या कोपऱ्यात बसून सुयांवरचे टाके मोजायच्या आणि आजोबांचा शब्द यायचा तेव्हा येऊ द्यायच्या.

काही दिवसांनी आजोबांनी पुढच्या खोलीत तोंड उघडायचंच बंद केलं. बाई चित्र दाखवायच्या, हे खिडकीबाहेर बघत बसायचे. मोजणीदार म्हणाला की बाबा हट्टी झालेत. सून म्हणाली की हट्ट नाही, बाबांना लाज वाटते आहे, आणि आपण सगळे तिथं खुर्च्या मांडून बसतो त्याची वाटते आहे. तिचं म्हणणं खरं होतं. बाईंनीही तेच विचारलं, त्यांना एकट्याला बसता येईल अशी खोली नाही का?

खोली होती. आजोबांचीच, मागची. पण तिथं नेट पोचायचं नाही. ती खोली घराला नंतर जोडलेली. पुढून तिथं जायचं तर आधी एक जाड भिंत, मग स्वयंपाकघर, फ्रीज, पाण्याची टाकी, आणि सगळ्यावर कडी म्हणजे लोखंडी कपाट. चार शिंगं असली म्हणून काय झालं, लोखंडापुढं आणि पाण्यापुढं कोणाचं चालतं? शिवाय डोक्यावर गुलाबी टोपी आणि पुढ्यात आजींनी मांडलेला पितळी ताट-वाट्यांचा संच. मी खणात बसून सगळं ऐकत होतो आणि मला गुदगुल्या होत होत्या, हे मी लपवणार नाही.

तरी एकदा शिकवणी मागच्या खोलीत करून बघितली. चित्र सारखं अडकायचं. बाई तोंड उघडून तशाच थिजायच्या आणि आवाज तुकड्यातुकड्यांत यायचा, "आ... बा... म्ह... णा..." आजोबा पडद्याकडे बघत राहिले आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच हसले. आपल्यासारखंच बाईंचंही होतंय, असं त्यांना वाटलं असावं. पण हसण्यानं शिकवणी होत नाही. ती वेळ तशीच गेली.

मग मोजणीदारानं प्रश्न हातात घेतला. तो कार्यालयातल्या कोणाकडून तरी भिंतीतल्या प्लगला लावायचं एक छोटं यंत्र घेऊन आला. ते म्हणे नेट पुढं ढकलतं. त्यानं ते थेट मागच्या खोलीत लावलं. दुखतं तिथंच लेप लावायचा, असा त्याचा हिशोब. पण त्या बिचाऱ्या यंत्राला आधी स्वतःला काही ऐकू यायला हवं, तेव्हा ते पुढं सांगणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यानं दोन दिवस हिरवा दिवा लावून इमानानं काहीच न पोचवण्याचं काम केलं.

शेवटी सुनेनं खण उघडला. ती कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीसाठी घरूनच फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. दिवसभर संतापलेल्या माणसांना "प्लग काढा, थोडं थांबा, परत लावा" असं लाडीगोडीनं सांगायचं, असं तिचं काम. तिनं मला बाहेर काढलं, पदरानं पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अरे, जुना राऊटर आहे की आपल्याकडं. पुढच्यापासून वायर टाकून हा मागं बसवू. वायर भिंतीतून हाक मारत नाही, भिंतीवरून जाते."

पुन्हा उजेड दिसला तेव्हा मला काय वाटलं, हे कोणत्या शब्दांत सांगू? आनंद झाला. आणि लगेच हेही वाटलं, की चला, आता त्या पांढऱ्याला दाखवतो घर कसं चालवतात.

तोच तोरा नडला. सुनेनं मला वायरनं पुढच्या राऊटरला जोडलं आणि चालू केलं. मी जुन्या सवयीनं लगेच घरनंबर वाटायला सुरुवात केली. पुढं तोही वाटत होता. शिवाय माझा स्वतःचा नंबर आणि त्याचा स्वतःचा नंबर एकच. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत आणि एका घरात दोन कारभारी. टिटवीच्या फोनला मी सांगितलं, बाहेर जायचं दार माझ्याकडं आहे, आणि माझ्याकडं तर दारच नव्हतं. बघता बघता सगळ्या घराचं नेट बंद पडलं. सुनेचं एका गिऱ्हाइकाशी बोलणं अर्ध्यात तुटलं. तो गृहस्थ पाण्यानं भरलेल्या यंत्रासमोर उभा होता म्हणे.

सून चिडली नाही. तिनं मोबाइलच्या स्वतःच्या नेटवर मदतीची पानं वाचली, मग कानातलं काढलं आणि त्याची दांडी माझ्या पाठीवरच्या बारीक छिद्रात दाबून धरली. माझी सगळी जुनी सेटिंगं पुसली गेली. आठवणी राहिल्या, कारण त्या कुठं असतात ते छिद्र अजून कोणाला सापडलेलं नाही. मग तिनं मला नव्यानं शिकवलं. तुझा नंबर वेगळा. नाव आणि पासवर्ड पुढच्याचाच. आणि घरनंबर तू वाटायचे नाहीत, ते तो वाटेल, तू फक्त आलेलं पुढं द्यायचं. थोडक्यात, मला कारभारीपणाचा राजीनामा द्यायला लावला. मी दिला. मनातून थोडा रुसलो, पण दिला.

राहिली वायर. ती मोजायचं काम अर्थातच मोजणीदाराचं. त्यानं टेप, पेन्सिल, कागद घेऊन घराचा नकाशाच काढला आणि नेमकी तेवढीच वायर कापून आणली. लावायला गेले तर हातभर कमी पडली. त्याचं असं झालं, की जमीन मोजणारे लोक चढउतार धरत नाहीत, अंतर सपाट धरतात. यानं स्वयंपाकघराच्या दारावरून वायर वर चढणार आणि पलीकडं खाली उतरणार हे मोजलंच नाही. सून हसायला लागली तर हा म्हणतो, "माप बरोबर आहे. दार मध्ये आलंय." दुसरी वायर आणायची गोष्ट त्याच्या मानापर्यंत गेली, म्हणून कोणी ती काढली नाही. मला खोलीच्या टोकाला कपाटावर बसवायचं होतं, ते राहिलं, आणि वायर जिथं संपली त्या दाराशेजारच्या फळीवर माझी स्थापना झाली. टिटवीनं माझं पडलेलं शिंग आपल्या चापानं उभं केलं.

पहिली शिकवणी झाली तेव्हा दार लोटलेलं होतं. खोलीत आजोबा, पडद्यावर बाई आणि फळीवर मी. बाईंनी पेला दाखवला. आजोबा "पे..." वर थांबले. पुन्हा "पे..." बाई वाट बघत होत्या. मी तर श्वास रोखून, म्हणजे एकही थेंब न सांडता बाईंचं चित्र पोचवत होतो. आणि बऱ्याच वेळानं आजोबांनी सावकाश म्हटलं, "पेला." त्यांनी दाराकडं पाहिलं. कोणी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी मला माझ्या जुन्या पदाची आठवण झाली नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण घरच्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मी दारापाशीच असल्यानं सगळ्या घरात सगळ्यात चांगलं नेट आता आजोबांच्या खोलीत होतं.

आधी टिटवी आली. तिला काहीतरी उतरवून घ्यायचं होतं, पाच मिनिटांचं काम. ती पलंगावर मांडी ठोकून बसली ती उठलीच नाही. मग सून आली, कारण इथं गिऱ्हाइकाचा आवाज तुटत नाही. मग मोजणीदार आपले अगडबंब नकाशे पाठवायला आला आणि टेबलाची अर्धी जागा त्यानं मापून घेतली. सगळेच इथं म्हटल्यावर आजीही विणकाम घेऊन आल्या. ज्या माणसाला एकांत मिळावा म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच्या खोलीत आठवड्याभरात स्थानकावर असावी तशी गर्दी झाली. गंमत म्हणजे पुढची खोली ओस पडली. पांढरा चार शिंगं वर करून एकटाच बसलेला असे.

शिकवणीच्या वेळी ते अगदी समजूतदारपणे सांगायचे, "आजोबा, तुम्ही करा तुमचं. आम्ही ऐकत नाही." आणि आजोबा "कु..." म्हणाले की टिटवी फोनमधून मान वर न करता म्हणायची, "कुलूप." सुनेनं तिला दटावलं, आणि पुढच्या चित्राला तिच्याच तोंडून शब्द निसटला. सवयच ती. आजोबांनी पुन्हा खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

बाईंनी एक-दोनदा समजावलं. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "आजोबा बोलत नसतील तर पुढच्या आठवड्यापासून ही वेळ मी दुसऱ्यांना देते. खूप जण थांबलेत माझ्याकडं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण त्या खरंच बोलत होत्या. मोजणीदारानं जीभ चावली. टिटवीचा चेहरा उतरला. प्रत्येकाला वाटलं की चूक दुसऱ्याची आहे, म्हणून खोलीतून कोणीच उठलं नाही.

मी काय करू शकत होतो? बंद पडायचा विचार मनात आला. मी बंद पडलो तर सगळे आपोआप पुढच्या खोलीत जातील. पण माझ्याबरोबर बाईही जाणार. मला फार वाईट वाटलं. मी आगारातून परत आलो तो या माणसासाठी, आणि माझ्याचमुळं त्याच्याभोवती ही गर्दी झाली होती. मी नुसते दिवे लुकलुकवत बसलो.

त्या आठवड्यातल्या शेवटच्या शिकवणीला चौघेही हजर होते. सगळे अपराधी चेहऱ्यानं गप्प बसलेले, जसं काही गप्प बसणं म्हणजेच नसणं. बाईंनी चित्र दाखवलं. त्यांना आजोबांची नोकरी ठाऊक नव्हती, त्यांनी आपलं पुढचं चित्र घेतलं. चित्रात एक लाल बस होती. दारं उघडी, माणसं चढताहेत.

आजोबा चित्राकडं बघत राहिले. टिटवीचे ओठ हलायला लागले, सुनेनं तिचा हात दाबला. मोजणीदार छताची उंची मापत असल्यासारखा वर बघत होता. आणि आजोबांचा उजवा हात सावकाश उठला आणि कानावर गेला. पाठ ताठ झाली. त्यांनी घसा खाकरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

आवाज बारीक होता, फाटलेला होता, पण वाक्य सबंध होतं. आजोबा पुढं म्हणाले, "फलाट... फलाट क्रमांक..." आणि तिथं अडले.

आता बघा. या घरात त्यांचा प्रत्येक शब्द पुरा करायला माणसं टपलेली. पण या वेळी तिघांपैकी एकालाही पुढचा शब्द माहीत नव्हता. कुठला फलाट, हे फक्त घोषणा करणाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून तिघंही थांबले. आयुष्यात पहिल्यांदा खरोखर थांबले. आजोबांचे ओठ दोनदा मिटले, दोनदा उघडले. बाई पडद्यावर निश्चल होत्या. क्षणभर मला भीती वाटली की माझ्याकडूनच चित्र अडकलं की काय. नाही, त्याही वाट बघत होत्या.

"...दोन," आजोबा म्हणाले. "तातडीनं... रिकामा... करावा."

मग सर्वात आधी टिटवी उठली. तिनं चार्जर काढला आणि डोळे पुसत बाहेर पडली. तिच्यामागं सून. मोजणीदारानं नकाशे गोळा केले, पेन्सिल खिशात टाकली आणि तोही गेला. आजींनी लोकर पिशवीत भरली, सुया खोचल्या आणि त्याही निघाल्या. त्या दारापर्यंत, म्हणजे अगदी माझ्यापर्यंत आल्या होत्या.

"तू..." आजोबा म्हणाले.

आजी वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. नेहमीसारखाच शब्द यायचा तेव्हा येऊ दिला.

"तू थांब."

आजी परत येऊन कोपऱ्यात बसल्या. त्यांनी विणकाम काढलं, पण त्या दिवशी त्यांच्या हातून एकही टाका विणला गेला नाही. मी हे फळीवरून पाहिलंय, म्हणून खात्रीनं सांगतो.

बाईंनी ती वेळ दुसऱ्या कोणाला दिली नाही. पाठ झालेलं बोलणं कधी कधी असं आधी परत येतं, असं त्यांनी घरच्यांना समजावलं आणि आता त्या शिकवणीची सुरुवात घोषणांनीच करतात. मात्र दुसऱ्याच दिवशी आजोबा सगळं फाडफाड बोलायला लागले असं समजू नका. पेल्यावर अजूनही अडतात. कुलूप तर कधी कधी उघडतच नाही. पण सकाळी चहा लागतो फलाटावर, थांबत थांबत का होईना, आणि घोषणा पुरी होईपर्यंत कोणी कपाला हात लावत नाही. चहा गार होतो. मोजणीदार गार चहा निमूट पितो.

घरात आणखी थोडे बदल झाले. सुनेनं पुढच्या राऊटरची टोपी काढली आणि त्याला पितळी संचामागून उचलून उंचावर ठेवलं. आता तिथंही नेट छान चालतं, त्यामुळं गर्दी तिकडं परतली. त्याच्याबद्दलही मी आता वावगं बोलत नाही. तो घरनंबर वाटतो, मी इथवर आणून पोचवतो. वायर अजून हातभर कमीच आहे आणि दार अजूनही मध्येच आहे, असं मोजणीदाराचं म्हणणं. आजींनी मला नवीन टोपी विणायला घेतली होती. आजोबांनी मान हलवून नको म्हटलं, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

माझं आता वय झालंय. दुपारी अंग तापतं, एक दिवा कधी कधी लागत नाही. उद्या याहून चांगलं काहीतरी येईल आणि मी पुन्हा खणात जाईन, नाहीतर पिशवीत. त्याची तक्रार नाही. जाण्याआधी एक मागणं तेवढं आहे. माझ्यासारख्या जुन्याला भंगारात टाकण्यापूर्वी घरातल्या मागच्या खोल्या एकदा आठवून बघा, हे तर आहेच. पण खरं मागणं वेगळं आहे. पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागलं की तुम्ही सगळे किती शांतपणे थांबता, मी रोज बघतो. येईल, येतंय, असं म्हणत थांबता. मध्येच ते चित्र स्वतः पुरं करून टाकत नाही. घरात कोणाचा शब्द असा अडकला, तर त्याच्यासाठीही तेवढंच थांबा.

बाईंची वेळ झाली. आजोबांनी संगणक उघडलाय, आजींनी सुया काढल्यात. मला कामाला लागलं पाहिजे. पडद्यावरून बाई विचारताहेत, "आजोबा, आवाज येतोय का?"

आजोबांनी तोंड उघडलंय. आम्ही थांबलोय.

"ये... येतोय."